थंडीत लहान ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी ग्लो प्लग तपासा

द्राक्ष, डाळिंब, संत्रा यांसारख्या फळबागांमध्ये लहान ट्रॅक्टरचा वापर आता सर्वत्र दिसतो. वेलींच्या दोन ओळींतून सहज जाणारा हा ट्रॅक्टर ब्लोअर चालवतो, रोटाव्हेटर फिरवतो आणि मालाची ट्रॉलीही ओढतो. बागायतदाराचे सारे वेळापत्रक त्याच्यावर अवलंबून असते.

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात पहाटेचा पारा कधी कधी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. ऑक्टोबर छाटणीचा बाग या दिवसांत मणी धरलेला असतो. भुरीसारख्या रोगाची फवारणी वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळी लवकर उरकावी लागते. नेमक्या याच वेळी जुना ट्रॅक्टर रुसतो. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, धुराड्यातून पांढरा धूर येतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. ऊन वर आल्यावर तोच ट्रॅक्टर निमूटपणे सुरू होतो. तोपर्यंत वारा सुटलेला असतो आणि फवारणी दुसऱ्या दिवसावर जाते.

अशा वेळी बरेच शेतकरी बंधू आधी नवी बॅटरी घेतात. तरीही फरक पडला नाही तर डिझेल पंप उतरवून दुरुस्तीला देतात. दोन्ही खर्च मोठे आहेत आणि पुष्कळदा ते विनाकारण होतात. खरा दोष एखाद्या जळालेल्या ग्लो प्लगमध्ये किंवा त्याच्या गंजलेल्या सांध्यामध्ये असू शकतो. ग्लो प्लग हा इंजिनाच्या मानाने अगदी स्वस्त भाग आहे. त्याची तपासणी एक बल्ब, दोन वायरी आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्या साहित्यावर आपणास घरच्या घरी करता येते. ‘बदलण्याआधी मोजा’ एवढे एकच सूत्र या लेखात सविस्तर समजावून घेऊ.

१. ग्लो प्लगचे काम

पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटते. म्हणजे डिझेल इंजिन सुरू होणे हे सर्वस्वी हवेच्या तापमानावर अवलंबून आहे.

मोठ्या ट्रॅक्टरांच्या इंजिनात डिझेल सरळ पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते. यास थेट इंजेक्शन म्हणतात. जपानी रचनेच्या अनेक लहान इंजिनांत मात्र हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटी वेगळी कोठडी असते आणि डिझेल त्या कोठडीत फवारले जाते. या रचनेमुळे लहान इंजिन वेगाने व कमी आवाजात चालते. पण तिचा एक तोटा आहे. दाबलेली हवा अरुंद तोंडातून कोठडीत शिरताना आणि कोठडीच्या थंड भिंतींना लागताना आपली बरीच उष्णता गमावते. म्हणूनच अशा इंजिनात हवा साधारण २० ते २३ पट दाबली जाते, तर थेट इंजेक्शनच्या इंजिनात १६ ते १८ पट दाब पुरतो. एवढे करूनही थंड इंजिन सेल्फवर हळू फिरत असते, तेव्हा हवा पुरेशी तापत नाही. ही कमी भरून काढण्यासाठी कोठडीत ग्लो प्लग बसवलेला असतो. गावातील मिस्त्री त्यास ‘हीटर प्लग’ असेही म्हणतात.

ग्लो प्लगची रचना सोपी आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पोलादी नळीत तापणाऱ्या तारेचे वेटोळे असते. तार नळीला चिकटू नये म्हणून सभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. तारेचे एक टोक वरच्या टर्मिनलला आणि दुसरे नळीच्या टोकाशी जोडलेले असते. प्लगचा बाहेरचा भाग हेडमध्ये आटे देऊन घट्ट बसतो, तोच त्याचा अर्थ. चावी ‘हीट’ खुणेवर धरली की प्लगचे टोक काही सेकंदांत लालभडक होते. त्याचे तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते.

२. आपल्या ट्रॅक्टरला ग्लो प्लग आहेत का?

तपासणीला लागण्यापूर्वी ही खात्री करून घ्यावी. आपल्याकडील ३५ ते ५० अश्वशक्तीच्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांची इंजिने थेट इंजेक्शनची असून त्यांना ग्लो प्लग नसतात. पर्किन्स पद्धतीच्या काही जुन्या इंजिनांत हवेच्या मॅनिफोल्डवर ‘थर्मोस्टार्ट’ नावाचा एकच भाग असतो. त्यात तार तापली की बारीक झडप उघडते, थोडे डिझेल झिरपते, पेटते आणि आत जाणारी हवा गरम करते. त्याची तपासणी वेगळी असते.

ग्लो प्लग असल्यास हेडवर, प्रत्येक इंजेक्टरच्या जवळ, एक बारीक षटकोनी भाग व त्याच्या टोकास लहान नट दिसतो. तीन सिलिंडरच्या इंजिनास असे तीन प्लग असतात आणि ते धातूच्या एका पट्टीने एकमेकांस जोडलेले असतात. पट्टीच्या एका टोकास चावीकडून किंवा रिलेकडून आलेली जाड वायर असते. या जोडणीस समांतर जोडणी म्हणतात. यात एक प्लग जळाला तरी बाकीचे तापत राहतात. काही फार जुन्या इंजिनांत प्लग एकामागे एक असे साखळीने जोडलेले असतात. तेथे एक जळाला की सर्वच बंद पडतात. पुढील माहिती समांतर जोडणीच्या १२ व्होल्ट ट्रॅक्टरसाठी आहे.

३. आधी धूर पाहावा

हाती पाना घेण्यापूर्वी कोणास तरी सेल्फ मारावयास सांगून धुराड्याकडे लक्ष द्यावे.

(अ) सेल्फ जोमाने फिरतो, पण धूर अजिबात येत नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. स्टॉपची दांडी ओढलेली आहे का, फिल्टर तुंबला आहे का, पाइपात हवा धरली आहे का हे पाहावे. येथे ग्लो प्लगचा दोष नाही.

(आ) सेल्फ फिरतो, दाट पांढरा धूर येतो, पण इंजिन पेट घेत नाही: डिझेल पोहोचते पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते. येथे ग्लो प्लगची तपासणी सर्वप्रथम करावी.

(इ) इंजिन सुरू होते, पण थरथरते, ठोके देते आणि मिनिटभर पांढरा धूर टाकून मग सुरळीत होते: बहुधा एखादा प्लग बंद असून बाकीचे चालू आहेत.

(ई) सेल्फच मंद फिरतो: आधी बॅटरी, तिचे टर्मिनल व अर्थची वायर पाहावी. हिवाळ्यात फार घट्ट किंवा जुने झालेले ऑइलही इंजिन जड करते.

४. साहित्य व दक्षता

डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब (गाडीच्या इंडिकेटरचा चालतो) होल्डर व दोन लांब वायरींसह, योग्य मापाचे पाने, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश व चिमटा-पक्कड एवढे साहित्य पुरते.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून गिअर न्यूट्रल ठेवावा, पी.टी.ओ. सोडवावा व हातब्रेक लावावा. पट्टी काढण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर सोडवावी, कारण पट्टीवरील पाना हेडला टेकला तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीजवळ विडी-सिगारेट, दिवा नसावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असतो. तपासणी इंजिन थंड असताना, शक्यतो सकाळी करावी. दोष ज्या वेळी दिसतो त्याच वेळी तो सापडतो.

५. तपासणीचा क्रम

पायरी पहिली : बॅटरी

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धीच भरलेली आहे असे समजावे व आधी चार्ज करून घ्यावी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.५ च्या खाली गेले तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फच फाजील करंट ओढतो आहे. बॅटरी ठीक असल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांचे आकडे विश्वसनीय ठरत नाहीत.

पायरी दुसरी : पट्टीपर्यंत वीज पोहोचते का?

ही सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी आहे. कोणास तरी चावी ‘हीट’ वर धरण्यास सांगावे. मल्टिमीटरची लाल वायर प्लगच्या पट्टीवर व काळी वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून व्होल्टेज मोजावे. लगेच बॅटरीच्या टर्मिनलवर, चावी तशीच धरलेली असताना, पुन्हा मोजावे. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक असल्यास हरकत नाही. त्याहून बराच जास्त फरक आढळल्यास वाटेत कुठेतरी वीज अडते आहे.

ही अडचण किती महाग पडते ते पाहू. समजा, प्रत्येक प्लगचा रोध १.२ ओहम आहे. तीन प्लग समांतर जोडले की एकत्रित रोध ०.४ ओहम होतो. १२ व्होल्टवर त्यांतून ३० अँपिअर प्रवाह वाहतो. आता एखाद्या गंजलेल्या थिंबलमुळे वाटेत केवळ ०.१ ओहम रोध वाढला, तर एकूण रोध ०.५ ओहम व प्रवाह २४ अँपिअर होतो. १२ पैकी २.४ व्होल्ट त्या गंजलेल्या सांध्यातच खर्च होतात आणि प्लगच्या वाट्याला ९.६ व्होल्ट येतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने प्लगची उष्णता पूर्वीच्या जेमतेम ६४ टक्के राहते. प्लग तिन्ही चांगले, बॅटरी चांगली, तरी ट्रॅक्टर सुरू होत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

अशा वेळी बॅटरी टर्मिनल, फ्यूज, चावीच्या मागील वायर, रिले व पट्टीचे नट हे सांधे एकेक करून तपासावेत. चावी हीटवर असताना ज्या सांध्याच्या दोन बाजूंना मीटर टेकवल्यावर व्होल्टेज दाखवते, तो सांधा दोषी. हाताला गरम लागणारा सांधाही संशयास्पद समजावा. सांधे पॉलिश पेपरने घासून घट्ट करावेत. इंजिनाची अर्थची वायर विसरू नये.

काही जुन्या ट्रॅक्टरांच्या डॅशबोर्डवर प्लगसोबत लाल होणारी छोटी तार असते. ती मुद्दामच वाटेत जोडलेली असून काही व्होल्ट स्वतः घेते. तेथे पट्टीवर कमी व्होल्टेज येणे हा दोष नव्हे. अशा ट्रॅक्टरचे प्लगही कमी व्होल्टेजचे असतात.

पट्टीवर वीज अजिबातच येत नसेल, तर प्लगला हात लावण्याचे कारण नाही. फ्यूज, चावी व रिले पाहावेत.

पायरी तिसरी : टेस्ट लॅम्प

बॅटरीची अर्थ वायर सोडवून पट्टीचे नट काढावेत व पट्टी बाजूला करावी. आता प्रत्येक प्लग स्वतंत्र झाला. मोकळी पट्टी कुठे धातूला टेकणार नाही हे पाहून अर्थ वायर पुन्हा जोडावी. बल्बची एक वायर बॅटरीच्या धन टोकाला लावावी. (बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले आहे हे गृहीत धरले आहे. क्वचित एखाद्या फार जुन्या ट्रॅक्टरमध्ये उलट असते. तेथे बॉडीला न जोडलेले टोक घ्यावे.) बल्बची दुसरी वायर एकेका प्लगच्या टर्मिनलवर टेकवावी.

बल्ब लागला तर प्लगची तार अखंड आहे. लागला नाही तर तार तुटलेली आहे आणि प्लग निकामी झाला आहे.

या तपासणीची मर्यादाही लक्षात घ्यावी. आतल्या आत शॉर्ट झालेल्या प्लगवरही बल्ब लागतो. त्यामुळे ‘बल्ब लागला नाही’ हा निकाल पक्का, पण ‘बल्ब लागला’ हा निकाल अर्धा समजावा.

पायरी चौथी : रोध मोजणे

मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत लहान पट्ट्यावर ठेवावा. प्रथम त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवाव्यात. ०.२ किंवा ०.३ असा काही आकडा येईल, तो वायरींचा स्वतःचा रोध होय. प्लगच्या मापातून तो वजा करावा. एरवी १ ओहमच्या मापात पाव-अर्ध्या ओहमची चूक राहून सगळा अंदाज बिघडतो.

नंतर एक वायर प्लगच्या टर्मिनलवर व दुसरी त्याच प्लगच्या षटकोनी भागावर टेकवावी. १२ व्होल्टचा थंड प्लग सर्वसाधारणपणे अर्धा ते दोन ओहम दाखवतो. नेमका आकडा प्लगच्या बनावटीवर अवलंबून असतो. म्हणून आकड्यापेक्षा सारखेपणा पाहावा. तिन्ही प्लग एकाच बनावटीचे असतील तर तिघांचे माप जवळजवळ सारखे यावे. एकाचेच माप दुप्पट असेल किंवा शून्याच्या अगदी जवळ असेल, तर तो प्लग संशयित धरावा. मीटर काहीच माप दाखवत नसेल तर तार तुटलेली आहे.

हीच वायर षटकोनी भागाऐवजी इंजिनाच्या धातूवर टेकवून पुन्हा मोजावे. माप वाढले तर प्लगच्या आट्यांत काजळी वा गंज असून अर्थ नीट मिळत नाही, असा अर्थ होतो.

पायरी पाचवी : प्रवाह मोजणे

प्लग खरोखर किती काम करतो हे प्रवाहावरून कळते. असा प्लग साधारण ८ ते १२ अँपिअर घेतो. सुरुवातीला प्रवाह जास्त असतो व तार तापेल तसा काही सेकंदांत कमी होऊन स्थिरावतो. पट्टी जोडलेली असताना मुख्य वायरमधील प्रवाह मोजला तर तीन प्लगचे मिळून ३० अँपिअरच्या आसपास यावेत. २० आले तर एक बंद, १० आले तर दोन बंद, असा सोपा हिशेब करता येतो.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. साध्या मल्टिमीटरचा अँपिअरचा पट्टा बहुधा १० पर्यंतच असतो. त्यातून हा प्रवाह नेल्यास मीटरचा फ्यूज उडतो किंवा मीटर जळतो. त्यासाठी वायरीभोवती अडकवायचा क्लॅम्प मीटर वापरावा. मात्र विहिरीच्या मोटारीसाठी वायरमन वापरतात तो क्लॅम्प मीटर बहुधा केवळ ए.सी. मोजतो. बॅटरीचा प्रवाह डी.सी. असल्याने तो येथे शून्यच दाखवील. डी.सी. मोजणारा क्लॅम्प मीटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळू शकेल.

पायरी सहावी : प्लग बाहेर काढून तापवणे

मापे सारखी आली तरी शंका राहिल्यास, किंवा प्लग दोषी ठरल्यास, तो बाहेर काढावा. इंजिन किंचित कोमट असताना आटे सहज सुटतात. सभोवतालची माती आधी ब्रशने साफ करावी, म्हणजे ती छिद्रातून आत पडणार नाही. प्लग अडत असेल तर जोर करू नये. आट्यांवर थोडे गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे. प्लग हेडमध्येच तुटला तर हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते.

बाहेर काढलेला प्लग बॅटरीपासून दूर व्हाइसमध्ये किंवा पकडीत धरावा, हातात कधीही धरू नये. टोक माणसांकडे नसावे. प्लगवर कोरलेले व्होल्टेज आधी वाचावे. १२ पेक्षा बरेच कमी व्होल्टेज लिहिलेला प्लग सरळ १२ व्होल्टवर लावू नये, तो क्षणात जळतो. १२ व्होल्टचा प्लग जाड वायरींनी जोडावा. प्रथम षटकोनी भागाची अर्थ जोडावी व शेवटी टर्मिनलला धन वायर टेकवावी, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून दूर पडेल.

चांगला प्लग टोकाकडून लाल होऊ लागतो आणि ५ ते १५ सेकंदांत टोक चांगले लालभडक दिसते. टोक काळेच राहून फक्त वरचा, षटकोनाजवळचा भाग लाल होत असेल तर प्लग बाद समजावा. अशा प्लगवर बल्ब लागतो, पण फवारा जेथे पडतो तेथे उष्णता नसते. २० सेकंदांपेक्षा जास्त वेळ तापवू नये. नंतर प्लग पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नये.

६. एक उदाहरण

समजा, तपासणीत पुढील मापे आली:

बॅटरी, चावी हीटवर असताना : १२.३ व्होल्ट
पट्टी, चावी हीटवर असताना : ११.९ व्होल्ट
मुख्य वायरमधील प्रवाह : २० अँपिअर
प्लग क्रमांक १ : बल्ब लागला, रोध १.१ ओहम
प्लग क्रमांक २ : बल्ब लागला नाही, मीटर माप दाखवत नाही
प्लग क्रमांक ३ : बल्ब लागला, रोध १.२ ओहम

बॅटरी व वायरिंग ठीक आहे. व्होल्टेजमध्ये केवळ ०.४ चा फरक आहे. क्रमांक १ व ३ सारखे आहेत. क्रमांक २ ची तार तुटली आहे आणि २० अँपिअरचा प्रवाहही तेच सांगतो. तिन्ही मापे एकमेकांस दुजोरा देतात, तेव्हाच निर्णय पक्का होतो. बॅटरी बदलण्याची किंवा पंप उतरवण्याची गरज नाही.

७. प्लग का जळाला, हेही पाहावे

प्लगचे टोक हे सिलिंडरच्या आतली परिस्थिती सांगते. टोक वितळलेले किंवा खाल्लेले असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासून घ्यावा. डिझेलचा नीट फवारा न पडता थेंब गळत असतील, तर ते प्लगच्या टोकावर जळतात. फवारणीची वेळ चुकलेली असली तरी असे होते. दोष न काढता नवा प्लग बसवल्यास तोही लवकरच जळेल.

नळी फुगलेली व तडकलेली असेल तर प्लगला जास्त व्होल्टेज किंवा जास्त वेळ वीज मिळाली आहे. याची नेहमीची कारणे म्हणजे चुकीच्या व्होल्टेजचा प्लग, चावी मिनिटभर हीटवर धरून ठेवण्याची सवय, किंवा चिकटून राहिलेला रिले. इंजिन सुरू झाल्यानंतरही पट्टीवर वीज राहत असेल तर रिले किंवा चावी दोषी आहे. चार्जिंगचे व्होल्टेज १४.५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर पाहावा. फुगलेल्या प्लगचे टोक तुटून आत पडल्यास पिस्टन व हेडची हानी होते. म्हणून असा प्लग ‘चालतोय तोवर चालू दे’ म्हणून ठेवू नये.

८. नवीन प्लग बसवताना

(१) जुन्या प्लगवरील क्रमांक व व्होल्टेज पाहून अगदी तोच प्लग घ्यावा. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या इंजिनाचा प्लग बसवू नये. त्याची लांबी जास्त असल्यास टोक फवाऱ्याच्या वाटेत येते.

(२) तिन्ही प्लग एकाच वेळचे व जुने असतील तर संच बदलणे सोयीचे पडते. दोन अलीकडचे असतील तर एकच बदलावा.

(३) छिद्रातील काजळी व आटे स्वच्छ करावेत. प्लगला अर्थ तेथूनच मिळतो.

(४) प्लग आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवावा, नंतर बेताने आवळावा. लांब पान्याने जोर लावू नये. वरचा लहान नट तर अगदी हलक्या हाताने आवळावा, टर्मिनल फिरले की आतली तार तुटते.

(५) पट्टी दोन्ही बाजूंनी घासून बसवावी व शेवटी पायरी दुसरीचे व्होल्टेज पुन्हा मोजावे.

९. प्लग चांगले, तरीही सुरुवात अवघड

वरील सर्व तपासण्या समाधानकारक आल्या आणि तरीही पांढरा धूर येत असेल, तर इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी झाल्याची शक्यता आहे. रिंगा झिजणे, व्हॉल्व्ह नीट न बसणे किंवा हेड गॅस्केटचा दोष ही कारणे असू शकतात. जाणकार मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. अशा इंजिनात ग्लो प्लग काढून त्याच छिद्रात जोडतुकड्याने गेज लावता येतो, त्यामुळे हेड उतरवावे लागत नाही. कॉम्प्रेशनही ठीक असेल, तरच इंजेक्टर व पंपाकडे वळावे.

१०. हे कधीही करू नये

ग्लो प्लग असलेल्या इंजिनाच्या हवेच्या वाटेत ईथरचा स्प्रे किंवा पेट्रोल कधीही मारू नये. तापलेल्या प्लगवर ते अवेळी भडकते. पिस्टन फुटणे, रिंगा तुटणे, मॅनिफोल्डमध्ये स्फोट होऊन चेहरा-हात भाजणे असे प्रकार त्यातून होऊ शकतात. एअर क्लीनरजवळ पेटता बोळा धरण्याची प्रथाही तितकीच धोक्याची आहे. त्यातून फिल्टर पेटतो आणि जळके कण आत ओढले जातात.

सेल्फही एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर थांबून पुन्हा हीट द्यावी. प्रत्येक वेळी किती सेकंद हीट द्यावयाची हे आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. जुन्या इंजिनांस कडक थंडीत साधारण १० ते २० सेकंद लागतात. हीट देऊन झाली की लगेच सेल्फ मारावा. मध्ये वेळ घालवला तर प्लग थंड होतो आणि दिलेली हीट वाया जाते.

तक्ता : लक्षण व पहिला उपाय

धूर नाही, सेल्फ चांगला — डिझेलची वाट व धरलेली हवा पाहावी.
सेल्फ मंद — बॅटरी, टर्मिनल व अर्थ पाहावे.
पट्टीवर वीज नाही — फ्यूज, चावी, रिले पाहावे.
पट्टीवर वीज कमी — सांधे घासून घट्ट करावेत.
बल्ब लागत नाही — प्लग बदलावा.
रोध शून्याजवळ — प्लग शॉर्ट, बदलावा.
टोक वितळलेले — प्लग बदलावा व इंजेक्टर तपासावा.
नळी फुगलेली — प्लगचे व्होल्टेज, रिले, रेग्युलेटर पाहावा.
सर्व ठीक, तरी पांढरा धूर — कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.

सारांश

शेतकरी बंधूंनो, ही तपासणी ट्रॅक्टर अडून बसल्यावर करण्याची वेळच येऊ नये. ऑक्टोबर छाटणीची धांदल सुरू होण्यापूर्वी एका सकाळी बॅटरी, पट्टीवरील व्होल्टेज आणि प्रत्येक प्लगचा रोध मोजावा. मापे तारखेसह वहीत नोंदवून ठेवावीत आणि पुढील वर्षी त्यांच्याशी तुलना करावी. ज्याचे माप बदलू लागले तो प्लग थंडी सुरू होण्याआधीच बदलता येतो. मिस्त्रीकडे जाण्याची वेळ आलीच, तर ‘ट्रॅक्टर सुरू होत नाही’ एवढेच न सांगता ‘पट्टीवर ११.९ व्होल्ट आहेत, दोन नंबरचा प्लग तुटला आहे’ असे सांगावे. मग दुरुस्ती जेथे हवी तेथेच होते, आणि भुरीच्या फवारणीची सकाळ हातची जात नाही.